कोट्यधीश लेखकाचं बिनसाक्षीचं मृत्युपत्र

दुपारची झाकपाक झाली की हातात रहस्यकथा घेऊन जरा आडवं व्हायची सवय तुमच्यापैकी कितीजणींना आहे? वडीलधाऱ्यांची नजर चुकवून ज्यांनी बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार वाचला असेल, त्यांना काय सांगायचं! खून कोणी केला हे कळेपर्यंत उतू जाणारं दूधही दिसत नाही. आज मात्र मी तुम्हाला कादंबरीतलं नव्हे, एका रहस्यकथाकाराच्या घरातलं प्रकरण सांगणार आहे. यात खून नाही, पोलीस नाहीत. पैसा मात्र अमाप आहे. आणि तो येण्याआधी बत्तीस वर्षं त्या लेखकाच्या सोबतीनं राहिलेली एक बाई आहे.

लेखकाचं नाव स्टीग लार्सन. स्वीडनचा. जन्म १५ ऑगस्ट १९५४ चा, म्हणजे आपल्याला तारीख लक्षात ठेवायला सोपी! आईवडील अगदी तरुण, पैशाची ओढाताण, म्हणून पोराला आजी-आजोबांपाशी ठेवलं. स्वीडनच्या उत्तरेला, खेड्यातल्या एका लहानशा लाकडी घरात तो वाढला. आजोबा कट्टर नाझीविरोधी. त्यांचा संस्कार या मुलावर जन्मभर राहिला असं दिसतं. आजोबा गेल्यावर, नऊएक वर्षांचा असताना, तो आईवडिलांकडे उमेओ या शहरात आला. बाराव्या वाढदिवसाला त्याला टाइपरायटर भेट मिळाला. १९७२ साली व्हिएतनाम युद्धाच्या निषेधसभेत त्याला एव्हा गाब्रिएल्सन भेटली. दोघंही तेव्हा अठरा वर्षांची. तेव्हापासून ती एकमेकांची झाली.

लग्न मात्र केलं नाही. का, असं तुम्ही विचारणारच. पोटासाठी स्टीग एका वृत्तसंस्थेत चित्रं आणि आलेख काढायचं काम करी, पण त्याचा जीव होता तो नव-नाझी टोळ्यांचे धंदे उजेडात आणण्यात. त्यासाठी १९९५ साली त्यानं मित्रांबरोबर 'एक्स्पो' नावाची संस्था काढली, त्याच नावाचं नियतकालिक चालवलं. त्याला जिवे मारण्याच्या धमक्या येत. स्वीडनमध्ये नागरिकांची माहिती सरकारदरबारी कोणालाही पाहता येते. एव्हाच्या सांगण्याप्रमाणे, लग्नाची नोंद झाली असती तर त्यांचा पत्ता शोधणं सोपं झालं असतं. तिचा जीव धोक्यात यायला नको, म्हणून लग्न नाही. आपल्याकडे नवऱ्याच्या काळजीची किती रूपं आपण पाहतो! हे एक त्यातलंच, पण पुढे ते तिच्याच अंगावर आलं.

कादंबऱ्या तो रात्री लिहायचा. गंमत म्हणून सुरुवात झाली आणि बघता बघता तीन जाडजूड हस्तलिखितं तयार झाली. म्हातारपणाची सोय म्हणून तो या पुस्तकांकडे पाहायचा. दहा भागांचा बेत होता म्हणे. नायिका लिस्बेट सालँडर ही काटकुळी, अबोल, कोणाची भीड न धरणारी मुलगी. मुलांच्या गोष्टींतली पिप्पी मोठी झाली तर कशी होईल, या विचारातून ती सुचली असं त्यानंच सांगितलं होतं. पहिल्या पुस्तकाला त्यानं दिलेलं नाव होतं 'बायकांचा द्वेष करणारे पुरुष'. इंग्रजीत नाव बदलून 'द गर्ल विथ द ड्रॅगन टॅटू' केलं. खपायला ते बरं असेलही, पण मला विचाराल तर लेखकाला जे म्हणायचं होतं ते त्या पहिल्या नावातच होतं.

पहिलं पुस्तक छापून आलेलं त्यानं पाहिलं नाही. ९ नोव्हेंबर २००४. एव्हा कामासाठी परगावी गेलेली. 'एक्स्पो'च्या कचेरीची लिफ्ट बंद होती. सात मजले जिने चढून गेला, आणि हृदयविकाराचा झटका आला. वय पन्नास. सिगारेटी, कॉफीवर कॉफी, अर्धवट झोप, वेळीअवेळी बाहेरचं खाणं... घरोघरच्या बायका ज्याबद्दल कानीकपाळी ओरडतात तेच सगळं.

तिन्ही कादंबऱ्या २००५, २००६ आणि २००७ मध्ये आल्या आणि पैशाचा पाऊस पडला. पुढच्या काही वर्षांत जगभर आठ कोटींहून अधिक प्रती गेल्या. २००९ मध्ये स्वीडिश सिनेमे, २०११ मध्ये हॉलीवूडचा. पैसा गेला कोणाकडे? वडील एर्लंड आणि धाकटा भाऊ योआकिम यांच्याकडे. लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्यांसाठी स्वीडनमध्ये कायदा आहे, पण तो राहतं घर आणि घरातल्या सामानापुरता. वारसाहक्क त्यात नाही. लग्न झालं असतं तर, मूलबाळ नसल्यामुळे, बापाच्या आणि भावाच्या आधी तिचाच हक्क होता. राहत्या फ्लॅटमधला स्टीगचा अर्धा हिस्सासुद्धा त्या दोघांच्या नावे गेला. तो तिला मिळाला, पण बऱ्याच ताणाताणीनंतर.

आणि मृत्युपत्र? ते होतं, बरं का! १९७७ साली, बावीस वर्षांचा असताना, स्टीग आफ्रिकेत एरिट्रियाला गेला होता. तिथल्या मुक्तियुद्धातल्या स्त्री-सैनिकांना तोफगोळे डागायला शिकवायला. जिवंत परतण्याची खात्री नव्हती, म्हणून जाण्याआधी त्यानं इच्छापत्र लिहून ठेवलं. सगळी मालमत्ता उमेओतल्या डाव्या पक्षाच्या शाखेला द्यावी असं! तेव्हा मालमत्ता म्हणजे काय असणार? पण त्या कागदावर साक्षीदारांच्या सह्याच नव्हत्या, त्यामुळे तो फुकट गेला. नंतरच्या सत्तावीस वर्षांत दुसरा कागद काही झाला नाही. नाझींच्या टोळ्यांची खडान्‌खडा माहिती ठेवणाऱ्या माणसाला या एका कामाला संध्याकाळ मिळाली नाही.

इथे जरा थांबून आपल्या घरात डोकावू या. आपल्या कायद्यालाही दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. स्टँपपेपर लागत नाही, साधा कागद चालतो. नोंदणीची सक्ती नाही, केली तर उत्तम. ज्याला काही मिळायचं आहे त्याला साक्षीदार करू नये, उगाच पुढे शंका निघतात. 'आमचं रीतसर लग्न झालंय, मला काय काळजी' असं म्हणणाऱ्या मैत्रिणींनो, हिंदू वारसा कायद्याप्रमाणे नवरा मृत्युपत्राशिवाय गेला तर त्याच्या स्वतःच्या मिळकतीत पत्नी, प्रत्येक मुलगा, प्रत्येक मुलगी आणि सासूबाई यांना सारखा वाटा मिळतो. सगळं आपोआप बायकोचं होत नाही. सोसायटीत किंवा बँकेत नॉमिनी म्हणून तुमचं नाव आहे एवढ्यानंही तुम्ही मालक होत नाही. नॉमिनी म्हणजे वारसांच्या वतीनं सांभाळणारी व्यक्ती.

एव्हाकडे परत येते. २००९ मध्ये स्टीगच्या वडिलांनी आणि भावानं तिला दोन कोटी क्रोनर देऊ केले, त्या वेळच्या दरानं तेरा कोटी रुपयांच्या आसपास. तिनं नाही म्हटलं. पुष्कळांना हा हट्ट वाटला. तिचं मागणं वेगळं होतं. स्टीगच्या लेखनाचं काय करायचं हे ठरवण्याचा अधिकार तिला हवा होता, आणि तो द्यायला ते तयार नव्हते. त्या दोघांना खलनायक करण्यात अर्थ नाही. कायद्यानं दिलं ते त्यांनी घेतलं, आणि 'एक्स्पो'लाही पैसे दिले. पण जिच्याशी तो रात्रंदिवस त्या गोष्टींविषयी बोलला, तिचं म्हणणं ऐकायचं की नाही हा सवाल पैशानं मिटणारा नव्हता.

चौथ्या कादंबरीची सुमारे दोनशे पानं स्टीगच्या लॅपटॉपमध्ये होती. ती छापली गेली नाहीत. २०११ साली एव्हानं आपल्या सहजीवनाचं पुस्तक लिहिलं. २०१५ मध्ये वारसांच्या संमतीनं डेव्हिड लागरक्रान्झ या दुसऱ्याच लेखकानं नव्यानं रचलेली चौथी कादंबरी बाजारात आली. एव्हानं उघड विरोध केला, तरी पुस्तक धडाक्यात खपलं. त्यानंतर त्यानंच आणखी दोन लिहिल्या, आणि २०२२ पासून कारिन स्मिर्नोफ ही लेखिका सालँडरच्या कथा लिहू लागली. स्वीडनमध्ये लेखकाच्या मृत्यूनंतर सत्तर वर्षं लेखनाचे हक्क वारसांकडे राहतात. म्हणजे २०७४ सालच्या अखेरपर्यंत लिस्बेट सालँडरनं काय करावं हे ठरवणाऱ्यांत एव्हा नाही.