परसाचें कुंपण आणि पाळीव कुत्रा : खर्चाचा हिशेब

ज्या सभासदांचीं घरें भूकंपानंतर वसविलेल्या गांवांतून आहेत, त्यांस परसाच्या कुंपणाचा प्रश्न नवा नाहीं. जुन्या गांवांतून तो फारसा उद्भवतच नसे. दगडामातीच्या रुंद भिंती, वर माळवद, पुढें एकच मोठा दरवाजा, मध्यें चौक, आणि त्या चौकांत माणसें, गुरें व कुत्रा एकत्र. दरवाजा लावला म्हणजे कुत्रा आपोआप आंत राही. ता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे त्याच भिंती व तींच माळवदें माणसांच्या अंगावर कोसळलीं. आज लोहारा तालुक्यांत असलेलें सास्तूर त्या दिवशीं उद्ध्वस्त झालें. पुढें पुनर्वसनांत ज्याच्या त्याच्या जमिनीच्या मानानें २५०, ४०० व ७५० चौरस फुटांचीं घरें मिळालीं. तीं सुटीं सुटीं, मोकळ्या जागेंत व रुंद रस्त्यांच्या कडेस. घर सुरक्षित झालें हें खरें. पण वाडा गेला, आणि वाड्याबरोबर कुत्र्याचें आवारहि गेलें.

अशा उघड्या परसांत कुत्रा राखावयाचा तर तीनच मार्ग राहतात. तो मोकाट सोडावा, साखळीनें बांधावा, किंवा जागेस कुंपण करावें. मोकाट सोडण्याचें फळ पुढें सांगतों. साखळीविषयीं इतकेंच कीं, दिवसरात्र बांधलेला कुत्रा राखणीच्या कामाचा राहत नाहीं. तो चिडका होतो व सुटला त्या दिवशीं समोर येईल त्याच्या अंगावर जातो. शिवाय कुत्र्यास नेहमीं बांधून ठेवून त्यास हिंडण्याफिरण्यास न देणें हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यान्वयें अपराध आहे, ही गोष्ट आपल्याकडे फारच थोड्यांस ठाऊक असते.

राहिलें कुंपण. येथें बहुतेक जण पहिलाच प्रश्न चुकीचा विचारतात. ‘एक गुंठा जागेस कुंपणाचा खर्च किती?’ असें ते पुसतात. कुंपणाचा खर्च क्षेत्रावर नसून घेरावर असतो. ज्यांनीं जमीन मोजतांना पाहिली आहे त्यांस माहीत आहे कीं, मोजणीची साखळी ३३ फुटांची, व ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद जागा म्हणजे एक गुंठा. या चौरस गुंठ्याचा घेर १३२ फूट होतो. तोच गुंठा ११ फूट रुंद व ९९ फूट लांब अशा पट्टींत असेल तर घेर २२० फूट. म्हणजे जागा तेवढीच, आणि कुंपण दीडपटीहून अधिक. उलट चार गुंठे चौरस असतील तर घेर २६४ फूट, म्हणजे जागा चौपट होऊन कुंपण केवळ दुप्पट. भावकींत वांटण्या होऊन ज्यांच्या जागांच्या लांबट पट्ट्या पडल्या आहेत, त्यांनीं हें विशेष ध्यानांत घ्यावें. सगळ्या पट्टीस कुंपण घालण्याचा हट्ट न धरितां घरामागील चौरस तुकडा तेवढा बंदिस्त केल्यास कुत्र्याचें काम भागतें आणि पैसाहि वांचतो.

मीं स्वतः पहिल्या खेपेस हा विचार केला नाहीं. एक गुंठ्याच्या चोहों बाजूंस बाभळीचे खांब रोंवून कांटेरी तारेच्या चार ओळी ओढल्या. खांब शेतांतलेच असल्यामुळें तार, खिळे व मजुरी मिळून साडेचार हजारांत काम झालें, आणि मी स्वतःवर फार खूष होतों. कांटेरी तार ही गुरांसाठीं आहे. गुराची छाती तारेस लागते व तें मागें सरतें. कुत्रा मात्र तारेस अंग लावीतच नाहीं. तो दोन ओळींच्या मधून किंवा खालून पोटानें सरपटत निघून जातो, आणि घाई झाली तर पाठीचें कातडें फाडून घेतो. आमच्या कुत्र्यास आठ दिवसांत वाट सांपडली. तो रात्रीं जाई व पहांटे परत येई, म्हणून आम्हीं तिकडे दुर्लक्ष केलें.

२०२३ सालच्या दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या आल्या आणि आमच्या घरामागील माळावर त्यांच्या कोप्या पडल्या. एके सकाळीं त्यांतील सहा वर्षांच्या एका मुलाच्या हातांत भाकरी होती. ती घेण्यास आमचा कुत्रा धांवला व मुलाच्या पोटरीस दांत लागून रक्त आलें. आई जखमेवर चुना भरूं लागली होती. तो काढून साबणानें व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें जखम धुतली. हें पहिलें औषध असून तें प्रत्येक घरांत असतें. चुना, हळद, तिखट यांपैकीं कांहीं एक जखमेवर घालूं नये. नंतर तालुक्याच्या रुग्णालयांत नेलें. रक्त आलेलें असल्यामुळें जखमेंत रक्तद्रव टोंचावा लागला, व लशीसाठीं तो दिवस शून्य धरून तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशीं पुन्हां खेपा झाल्या. औषधास पैसे पडले नाहींत. पण ऊसतोडींत नवराबायकोचा मिळून एक कोयता असतो. एक जण दवाखान्यांत गेला कीं दुसऱ्याचेंहि काम अडतें, आणि मुकादम खाडा मांडतो तो वेगळाच. ते खाड्याचे पैसे, जाण्यायेण्याचें भाडें व वरखर्च मिळून साडेसहा हजार रुपये मीं दिले, आणि ते देतांनाहि त्या माउलीच्या तोंडाकडे मला पाहवलें नाहीं. आमच्या कुत्र्यास लस टोंचलेली होती. दहा दिवस बांधून त्याजवर नजर ठेविली व तो धडधाकट राहिला. तरी ते दहा दिवस आमच्या घरांत कोणास धड जेवण गेलें नाहीं. पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषाचीं लक्षणें एकदां माणसांत उमटलीं म्हणजे माणूस हातचा जातो.

त्यानंतर कुंपणाकडे मीं नव्यानें पाहिलें. कुत्रा कोणत्या जातीचा आहे हें प्रथम पाहावें, कारण उंची त्यावर ठरते. गांवठी कुत्र्यास जमिनीवर चार फूट कुंपण बहुधा पुरतें. आपल्या भागांत शिकारीच्या हौसेनें कारवानी कुत्रे पाळणारे पुष्कळ आहेत. हा कुत्रा खांद्याशीं सवादोन फुटांच्या आसपास उंच, लांब पायांचा, व नाकापेक्षां डोळ्यानें शिकार करणारा. जाळीतून ससा किंवा शेळी दिसली कीं तो उडी घेतो. त्यास सहा फूट उंची हवी, आणि जाळीच्या खालच्या अर्ध्या भागास आंतून जुनीं पोतीं किंवा तुराट्यांचा तट्टा बांधून बाहेरचें दिसणें बंद केल्यास उड्या पुष्कळ कमी होतात. आमचा कुत्रा गांवठी, पण अंगानें थोराड. म्हणून मीं पांच फूट उंची धरिली.

उडी मारणाऱ्यापेक्षां उकरणारे कुत्रे अधिक. यास्तव पांच फूट कुंपणास सहा फूट पन्ह्याची जाळी घ्यावी आणि खालचा एक फूट आंतल्या बाजूस जमिनीवर आडवा दुमडून त्यावर माती व दगड दाबावे. कुत्रा नेहमीं कुंपणाच्या अगदीं बुडाशीं उकरतो. तेथें त्याच्या नखांस जाळी लागते, आणि एक फूट मागें सरकून उकरण्याची अक्कल त्यास सहसा होत नाहीं.

जाळी विकत घेतांना तारेचा गेज पाहावा. गेजचा आंकडा जितका मोठा तितकी तार बारीक, हें पुष्कळांस उलटें वाटतें. दोन इंची घराची दहा गेज जाळी चौरस फुटास पाव किलोहून किंचित् अधिक भरते. बारा गेज जाळी सुमारें पावणेदोनशें ग्रॅम भरते. दुकानदार चौरस फुटावर विकीत असल्यास गुंडाळी तोलून पाहण्याचा आग्रह धरावा. दहा गेजचा भाव घेऊन बारा गेज जाळी दिल्यास किलोमागें नव्हे, पण फुटामागें तिसरा हिस्सा माल कमी पडतो.

आपल्या काळ्या जमिनींत खरी अडचण खांबांची आहे. भारी काळी माती पावसांत फुगते व उन्हाळ्यांत भेगाळते. त्या ओढाताणींत वरवर पुरलेला खांब दोन वर्षांत वांकडा होतो, मग जाळी सैल पडते आणि बुडाशीं फट होते. शक्य तेथें खड्डा मुरूम लागेपर्यंत न्यावा. निदान दोन फूट खोल घेऊन तळाशीं मुरूम ठोकावा व खांबाभोंवतीं काँक्रीट भरून त्याचें तोंड जमिनीच्या वर उतरतें करावें, म्हणजे पाणी खांबाशीं मुरणार नाहीं. कोंपऱ्याच्या खांबांवर दोन्ही बाजूंचा ताण येतो, म्हणून त्यांस प्रत्येकीं दोन तिरपे टेकू द्यावे. येथें काटकसर करूं नये.

आतां प्रत्यक्ष हिशेब. डिसेंबर २०२४ मध्यें मीं सगळा गुंठा न घेतां घराच्या मागील २२ फूट भिंतीस धरून मागें २५ फूट जागा बंदिस्त केली. क्षेत्र ५५० चौरस फूट, म्हणजे अर्ध्या गुंठ्याहून किंचित् अधिक. आणि चौथी बाजू घराची भिंतच असल्यानें कुंपण केवळ ७२ फूट. त्यांत चार फूट फाटक. उरलेल्या ६८ फुटांस सहा फूट पन्ह्याची दहा गेज जाळी १०८ किलो लागली. किलोस ९५ रुपयेप्रमाणें १०,२६० रुपये. सिमेंटचे सात फुटी खांब ११ व टेकूंसाठीं ४, एकूण १५, दर ३२० प्रमाणें ४,८०० रुपये. जाळी ताणण्याच्या तीन आडव्या तारा व बांधणीची तार ७०० रुपये. लोखंडी फाटक ३,५०० रुपये. सिमेंट चार पोतीं १,५२०, खडी व वाळू १,५००, दोन गड्यांची तीन दिवसांची मजुरी ३,६००, वाहतूक १,००० रुपये. एकूण २६,८८० रुपये, म्हणजे फुटास सुमारें ३७३ रुपये. पूर्ण गुंठ्याच्या १३२ फुटांस याच दरांनीं खर्च पंचेचाळीस हजारांच्या घरांत गेला असता. दर गांवोगांवीं व महिन्यामहिन्यास बदलतात. वाचकांनीं आंकडे आपल्या बाजारचे घालावे, मापें मात्र हींच ठेवावीं.

इतका पैसा ज्यांस जड वाटेल त्यांनीं मापांत घट करावी, मालांत करूं नये. भिंतीच्या कोंपऱ्यांत १५ फूट लांब व १५ फूट रुंद जागा घेतली व दोन बाजू भिंतींच्या मिळाल्या, तर ३० फूटच कुंपण लागतें आणि गांवठी कुत्र्यास रात्रीपुरती ती पुरेशी होते; दिवसां त्यास बरोबर शेतांत न्यावें.

कुपाटीविषयींहि कांहीं जण विचारतात. बोरी-बाभळीच्या फांद्यांची कुपाटी जवळजवळ फुकट होते, पण ती दर वर्षीं नवी करावी लागते व तिच्या बुडाशीं कुत्र्यास वाट सांपडतेच. सागरगोटा किंवा चिलार यांची जिवंत कुंपणें उत्तम. परंतु दाट होण्यास तीन-चार वर्षें जातात, व तोंवर कुत्रा थांबत नाहीं. जाळी आज बसवून तिच्या बाहेरून सागरगोटा लावावा, म्हणजे जाळी गंजेपर्यंत जिवंत भिंत तयार होते. शेराचें कुंपण कोणी सुचवितात. त्याचा चीक डोळ्यांत गेल्यास फार इजा होते, म्हणून लहान मुलें असलेल्या घरीं तें मुळींच करूं नये.

खांब रोंवण्यापूर्वीं हद्द पाहावी. मोजणीचा दगड हालवूं नये, व शेजाऱ्यास उभें करून दोरी धरावी. कुंपण झाल्यावर उठलेला हद्दीचा वाद कुंपणाच्या दसपट खर्चाचा होतो, हें मीं कचेरींत पुष्कळ पाहिलें आहे. रस्त्याच्या बाजूस कांटेरी तार लावूं नये. आणि कुत्रा सुटून कोणास इजा झाल्यास ‘तो मुका प्राणी आहे’ हें उत्तर चालत नाहीं. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणें, जनावराच्या बंदोबस्तांत हयगय करणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा पांच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात. पूर्वींच्या दंडसंहितेंत कैद तेवढीच होती, दंड एक हजारापर्यंत होता.

आमच्या नव्या कुंपणांत एक उणीव राहिली होती, तीहि सांगतों. सर्वत्र जाळी दुमडली, पण फाटकाखालीं नुसती माती होती. तिसऱ्याच दिवशीं कुत्र्यानें तेथें वीतभर खड्डा केला. मग फाटकाच्या रुंदीची शहाबादी फरशी आणून ती उभी दीड फूट पुरली व वरची कड जमिनीबरोबर ठेविली. तिचे चारशें रुपये वरील हिशेबांत धरलेले नाहींत.