गाडी थांबते तेव्हा ऊर्जा जाते कुठे?

मोटारींचे शौकीन एकत्र जमले, की गप्पा हमखास इंजिनावर येतात. गाडी किती अश्वशक्तीची आहे, किती सेकंदांत शंभराचा वेग गाठते, हे सर्वांना तोंडपाठ असते. तीच गाडी किती अंतरात थांबते, हे मात्र क्वचितच कुणी विचारतो. वास्तविक, थांबण्याची खात्री असल्याशिवाय वेगाला काहीच अर्थ नाही. म्हणून या लेखात आपण मोटारीचा इतिहास थांबण्याच्या बाजूने पाहणार आहोत. त्यासाठी लागणारे बहुतेक विज्ञान नववी-दहावीच्या पुस्तकात आहे.

वेगाचा हिशेब

गतिज ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, आणि त्याचे निम्मे, हे सूत्र आपण फळ्यावर अनेकदा लिहितो. ते मोटारीला लावून पाहू. माणसांसह १,००० किलोग्रॅम वस्तुमानाची एक लहान गाडी ताशी १०० किमी, म्हणजे सेकंदाला सुमारे २७.८ मीटर वेगाने जात आहे. तिची गतिज ऊर्जा येते सुमारे ३८६ किलोज्यूल. गाडी थांबवायची तर ही सगळी ऊर्जा दुसरीकडे गेली पाहिजे. साध्या ब्रेकमध्ये घर्षणाने तिची उष्णता होते. ही उष्णता थोडी नसते. २५ अंश सेल्सियस तापमानाचे सव्वा लिटर पाणी उकळीला आणायला जवळजवळ तेवढीच लागते. म्हणजे एकदा जोरात ब्रेक दाबला, की सात-आठ जणांच्या चहाचे पाणी तापले!

वेग निम्मा केला, तर उष्णता मात्र चौथ्या हिश्शावर येते. ताशी ५० किमीला ती ९६ किलोज्यूल भरते. २०० किमीला दीड हजारांच्या वर जाते. ब्रेकच्या साऱ्या इतिहासाचे मूळ या वर्गात आहे. इंजिने सुधारली, वेग दुप्पट झाले आणि ब्रेकवरचा बोजा चौपट झाला.

ड्रमची अडचण

१९०८ साली आलेल्या फोर्डच्या 'मॉडेल टी' गाडीत पायाचा ब्रेक थेट चाकांवर लागत नसे, तो गिअरच्या यंत्रणेवर लागे. हाताच्या दांडीने फक्त मागची चाके आवळली जात. खरे तर ब्रेक लावताच गाडीचा भार पुढच्या चाकांवर सरकतो, म्हणून थांबवण्याचे जास्त काम पुढच्या चाकांकडूनच घ्यायला हवे. १९२१ च्या अमेरिकन ड्यूसेनबर्ग गाडीत चारही चाकांना द्रवाच्या दाबावर चालणारे ब्रेक आले. बंद द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोहोचतो, हा पास्कलचा नियम येथे कामाला आला. पायाचा जोर चारही चाकांपर्यंत नीट पोहोचू लागला.

चाकात होता तो ड्रम. चाकाबरोबर फिरणारे एक पातेले, आणि त्याच्या आतून बाहेरच्या बाजूला दाबले जाणारे दोन अर्धगोल 'शू', अशी ही रचना. साध्या वेगाला ती उत्तम चालते. मुंबईची काळी-पिवळी 'पद्मिनी' टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून निवृत्त झाली. फियाट ११०० च्या घडणीवरची ही गाडी चारही चाकांना ड्रम घेऊनच पिढ्यान्‌पिढ्या धावली.

अडचण येते ती पुन:पुन्हा ब्रेक लावल्यावर. उष्णता पातेल्याच्या आत कोंडते. तापलेला ड्रम प्रसरण पावतो, म्हणजे शूपासून दूर जातो, आणि पाय आणखी खाली दाबावा लागतो. शूवरचे घर्षणाचे अस्तर फार तापले, की त्याची पकडही कमी होते. चालक जोर वाढवतो, तरी गाडी ऐकत नाही. यालाच मेकॅनिक मंडळी 'ब्रेक फेड होणे' म्हणतात.

ल माँ, १९५३

यावरचा उपाय जुनाच होता. इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ सालीच तबकडी-ब्रेकचे पेटंट घेतले होते. चाकाबरोबर एक उघडी धातूची तबकडी फिरते, आणि चिमट्याप्रमाणे दोन्ही बाजूंनी तिला पकडले जाते. त्या काळी घर्षणासाठी योग्य पदार्थ नव्हते, म्हणून ही कल्पना मागे पडली.

तिला नाव मिळाले ते शर्यतीच्या मैदानावर. फ्रान्समधील ल माँ येथे सलग चोवीस तासांची शर्यत होते. त्या काळी तेथे जवळजवळ सहा किलोमीटरचा सरळ रस्ता होता आणि त्याच्या टोकाला एकदम काटकोनी वळण. दर फेरीला ताशी २०० किमीहून जास्त वेगावरून त्या वळणाच्या वेगावर उतरायचे, आणि असे रात्रंदिवस करायचे. ब्रेकची याहून कठोर परीक्षा कोणती? १९५३ साली जॅग्वारच्या 'सी-टाइप' गाड्या डनलॉपचे तबकडी-ब्रेक लावून उतरल्या आणि पहिला, दुसरा व चौथा क्रमांक घेऊन गेल्या. विजेत्या गाडीचा सरासरी वेग ताशी सुमारे १७० किमी होता. त्या शर्यतीत ताशी शंभर मैलांची सरासरी प्रथमच ओलांडली गेली. इंजिनाच्या जोराइतकाच त्यात ब्रेकचा वाटा होता. वळणापूर्वी उशिरा ब्रेक लावता येत असेल, तर तेवढा वेळ जास्त वेगाने जाता येते.

तबकडी उघडी असल्याने वारा तिला सतत थंड ठेवतो. शिवाय तापून ती जाड झाली, तर पकडीच्या दिशेनेच फुगते, दूर जात नाही. दोनच वर्षांनी, १९५५ च्या सित्रोएन 'डीएस' या घरगुती मोटारीत पुढच्या चाकांना तबकड्या आल्या.

त्याच वर्षी ल माँ येथे भीषण अपघात झाला. वेग कमी करणाऱ्या एका गाडीला चुकवायला मागची गाडी बाजूला वळली, तिच्यावर भरधाव मर्सिडीज आदळली आणि तिचे तुकडे प्रेक्षकांत घुसले. ऐंशीहून अधिक माणसे मेली. पुढची गाडी लवकर थांबू शकते, एवढ्याने मागचा सुरक्षित होत नाही. दोन गाड्यांमध्ये पुरेसे अंतरही असावे लागते.

पकड रस्त्याची

आता एक प्रश्न विद्यार्थ्यांना विचारावा: ब्रेक अतिशय जोरदार असले, तर गाडी जागच्या जागी थांबेल का? नाही. ब्रेक चाकाला थांबवतो. गाडीला थांबवते ते टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षण. चाक फिरत असते, तेव्हा टायरचा रस्त्याला टेकलेला भाग क्षणभर जवळजवळ स्थिर असतो आणि पकड चांगली मिळते. चाक अडकून घसरू लागले, की ही पकड कमी होते आणि सुकाणू फिरवूनही गाडी वळत नाही. दुचाकीचे पुढचे चाक अडकले, तर चालक आडवाच होतो.

म्हणून एबीएस नावाची यंत्रणा आली. ती मूळची विमानांसाठी. मोटारीत १९६६ च्या जेन्सन 'एफएफ' गाडीत तिचे यांत्रिक रूप दिसले, आणि १९७८ पासून मर्सिडीजच्या गाडीत बॉशची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आली. प्रत्येक चाकाचा वेग मोजणारे संवेदक चाक अडकू लागल्याचे ओळखतात, आणि ब्रेकचा दाब सेकंदात अनेकदा सोडला-धरला जातो. भारतात एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपेक्षा मोठ्या सर्व नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचे झाले.

घाटातला धडा

खंडाळ्याच्या घाटासारखा पाचशे मीटरांचा उतार घ्या. वीस टनांचा भरलेला ट्रक तो उतरतो, तेव्हा त्याची ९८,००० किलोज्यूल स्थितिज ऊर्जा कुठेतरी गेली पाहिजे. एवढ्या उष्णतेत तीनशे लिटर पाणी उकळीला येईल. ही सारी ब्रेकवर टाकली, तर ब्रेक फेड होणारच. ब्रेकचे तेल उकळले, तर त्यात वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही. मग पाय थेट तळाला टेकतो. म्हणून खालच्या गिअरमध्ये उतरावे, म्हणजे बराचसा भार इंजिन घेते. डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलवर टाकून उतरणारे काही चालक हा आधारच काढून घेतात. वाचलेले डिझेल किती, आणि डावाला लावलेले काय!

उष्णता वाचवता येईल?

दर थांब्याला इतकी ऊर्जा वाऱ्यावर सोडायची, हे कुणालाही खटकेल. विद्युत मोटर उलटी चालवली, तर ती जनित्र होते. चाकांनी तिला फिरवले, की वीज तयार होते, आणि चाकांना विरोधही होतो. टोयोटाच्या 'प्रियस' गाडीने १९९७ पासून हे तंत्र घरगुती वापरात रुजवले. २००९ साली फॉर्म्युला वन शर्यतीतही ते आले. त्या वर्षीच्या नियमाने एका फेरीत ४०० किलोज्यूल साठवलेली ऊर्जा वापरता येई. आपल्या लहान गाडीच्या एका थांब्याचा आकडा आठवा. हिशेब जवळजवळ तोच आहे. आजच्या विद्युत गाड्यांत हे तंत्र सर्रास असते. तरीही घर्षणाचे ब्रेक गेलेले नाहीत. बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर ती आणखी वीज घेत नाही, आणि एकदम थांबायचे झाल्यास तबकडीच लागते.

वर्गासाठी दोन कामे

मोडक्या खेळण्यातील लहान मोटर घ्या. तिचा आस बोटांनी फिरवा. आता तिची दोन टोके तारेने जोडून पुन्हा फिरवा. आस जड लागेल. विद्युत गाडीचा ब्रेक तो हाच.

दुसरे काम मैदानावर. कोरड्या रस्त्यावर, घर्षणाचा गुणांक ०.७ धरला, तर ताशी ५० किमी वेगाला ब्रेक लागल्यापासून १४ मीटर लागतात; १०० किमीला ५६. याशिवाय धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, तर अनुक्रमे १४ आणि २८ मीटर आधीच संपतात. एकूण २८ आणि ८४. पावसात अंतर आणखी वाढते. हे आकडे वहीत लिहून न थांबता मैदानावर फक्कीने आखावेत. एका टोकाला 'धोका दिसला' अशी खूण करावी, आणि विद्यार्थ्यांना दुसऱ्या टोकापर्यंत चालायला लावावे. शाळा सुटल्यावर रस्ता ओलांडताना, आणि उद्या हाती गाडी आल्यावर, या रेषा त्यांच्या डोळ्यांपुढे राहिल्या, तर वेगाच्या वर्गाचा धडा पुरता शिकवून झाला असे आम्ही समजू.