‘रात्रीची गेलीच कशाला?’

26 मार्च 1972 च्या रात्री तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात चौदा-सोळा वर्षांची एक आदिवासी मजूर मुलगी जबाब द्यायला आली होती. जबाबानंतर पोलिसांनी तिला थांबवून घेतलं, सोबतच्यांना बाहेर पाठवलं. तक्रार होती ती ठाण्याच्या आवारातच शिपायाने केलेल्या बलात्काराची.

सत्र न्यायालयाने तिला खोटारडी आणि ‘संभोगाला सरावलेली’ ठरवून आरोपी पोलिसांना सोडलं. भीतीने गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे, असं म्हणत नागपूर खंडपीठाने 1976 मध्ये शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये तीही रद्द केली. कारण अंगावर जखमा नाहीत, सोबत आलेल्या भावाला हाक मारली नाही.

हे तर्क कायद्याच्या पुस्तकातून आले नव्हते. ‘टाळी एका हाताने वाजत नाही’, ‘तिचं वागणंच तसलं’, ‘रात्रीची गेलीच कशाला?’ ही पारावरची भाषा कोट घालून न्यायालयात पोचली होती. बोलणारे बहुतेक सज्जनच असतात. पण उलटतपासणी बाईचीच होणार, हे अशा बोलण्यातून हात टाकणाऱ्याला आधीच कळतं. तिलाही कळतं, म्हणून ती घरीसुद्धा सांगत नाही. ‘अब्रू लुटली’ अशी बातमी छापली की अब्रू जाते तिची; त्याची शाबूत!

सप्टेंबर 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या अभ्यासकांनी सर्वोच्च न्यायालयाच्या त्या निकालाविरुद्ध सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. देशभर मोर्चे निघाले आणि 1983 मध्ये कायदा बदलला. बाईच्या ‘चारित्र्या’वर बोट ठेवून तिची साक्ष मोडायची मुभा देणारं कलम मात्र 2002 च्या दुरुस्तीपर्यंत टिकलं. प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती धरता येणार नाही, हे 2013 मध्ये कायद्यात स्पष्ट लिहिलं गेलं.

एवढं होऊनही जुलै 2020 मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने विनयभंगाच्या आरोपीला जामीन देताना अट घातली: मिठाई घेऊन फिर्यादीच्या घरी जा, तिच्याकडून राखी बांधून घे, ओवाळणीचे 11,000 रुपये दे. ज्या घरात घुसल्याचा आरोप, त्याच घरी! सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2021 मध्ये ही अट रद्द केली, आणि 2023 मध्ये न्यायाधीशांसाठी एक पुस्तिकाच काढली: निकालपत्रात कोणते शब्द टाळावेत, त्यांऐवजी काय लिहावं. ‘छेडछाड’ या शब्दाऐवजी ‘रस्त्यावरचा लैंगिक छळ’ म्हणावं, असंही तिच्यात सुचवलं आहे.