मध्य सा ते तार पंचम, एका फुंकरीत

बेस क्लॅरिनेट दिसायलाच चमत्कारिक. काळ्या लाकडाची लांब नळी, वर वाकडी धातूची मान, खाली पुन्हा आकाशाकडे वळलेला कर्णा. आवाज साध्या क्लॅरिनेटच्या सप्तकभर खाली. ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदात हॅरी कार्नी ते अधूनमधून हाती घ्यायचा खरा. पण या वाद्याने पुढे येऊन मैफल ताब्यात घ्यावी, हे जॅझवादक एरिक डॉल्फीने करून दाखवलं.

त्यासाठी आधी या नळीची गंमत समजून घ्यायला हवी. सॅक्सोफोनची नळी शंकूसारखी रुंदावत जाते. त्यात स्वर वरच्या पातळीवर उडवला की मध्य सा वरून तार सा मिळतो. क्लॅरिनेटची नळी जवळजवळ सरळ आणि पत्तीच्या बाजूने बंद. तिथे दुप्पट कंपनसंख्येचा स्वर उमटायलाच तयार नसतो, थेट तिप्पट उमटतो! म्हणजे अंगठ्याने एक कळ दाबायची, बाकी बोटं जागच्या जागी, आणि मध्य सा वरून एकदम तार पंचम.

बहुतेक वादक ही उडी कानाला खटकू नये म्हणून झटतात. डॉल्फीने तिलाच बोलतं केलं. तळघरातून आल्यासारखा घुमार, पाठोपाठ किंकाळी, मध्येच खिदळणं. लॉस एंजेलिसच्या घरी रियाज करताना पक्षी शीळ घालू लागले, की तो हातातलं सोडून त्यांच्याबरोबर वाजवायचा. पक्ष्यांचे स्वर आपल्या स्वरांच्या मधल्या फटींत बसतात, हे त्याला मोहवायचं. भारतीय संगीतातही त्याला तसंच काही ऐकू यायचं. नोव्हेंबर १९६१मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबमध्ये सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनने ‘इंडिया’ नावाची रचना वाजवली, तेव्हा सोबत बेस क्लॅरिनेट डॉल्फीचंच होतं. त्याच महिन्यात ‘डाउनबीट’ मासिकात या दोघांच्या वादनावर ‘जॅझविरोधी’ असा शिक्का बसला. तो शिक्का आज हास्यास्पद वाटतो.

१९५८मध्ये चिको हॅमिल्टनच्या संचात डॉल्फीचं नाव झालं, १९६०मध्ये चार्ल्स मिंगसकडे. त्याच वर्षी २१ डिसेंबरला ऑर्नेट कोलमनची ‘फ्री जॅझ’ आणि स्वतःची ‘फार क्राय’, अशी दोन ध्वनिमुद्रणं एकाच दिवसात! फेब्रुवारी १९६४मध्ये त्याची ‘आउट टु लंच’ ध्वनिमुद्रित झाली; ड्रमवर अठरा वर्षांचा टोनी विल्यम्स. जूनच्या २९ तारखेला पश्चिम बर्लिनमध्ये मधुमेहाने डॉल्फी गेला. वय ३६. त्याची बासरी आणि बेस क्लॅरिनेट आईने कोल्ट्रेनला दिली.

ऐकायची सुरुवात ‘गॉड ब्लेस द चाइल्ड’ने करा, त्यात तबला-ड्रम कशाचीच साथ नाही, तो एकटाच आहे. मग हेडफोन लावून ‘फ्री जॅझ’ घ्या. दोन चौकड्या दोन कानांत वाजतात. डॉल्फी उजव्या कानात आहे.