मेसेख : द्राक्षारसात काय मिसळायचे?

‘मेसेख’ हा शब्द हिब्रू बायबलच्या 75व्या स्तोत्रात येतो. त्याचा भाऊबंद ‘मिमसाख’ नीतिसूत्रे 23:30 आणि यशया 65:11 मध्ये आहे. दोन्हींचा धातू ‘मिसळणे’ या अर्थाचा; काय मिसळायचे, ते मात्र शब्द सांगत नाही. नीतिसूत्रांतला संदर्भ आहे तो लाल डोळ्यांच्या तळीरामांचा, त्यांची तिथे चांगलीच हजेरी घेतली आहे. त्यामुळे पाणी घालून सौम्य केलेला नव्हे, तर मसाल्याने चढवलेला द्राक्षारस, हाच अर्थ पटतो. गीतरत्न 8:2 मध्ये तर मसालेदार द्राक्षारसाचा थेट उल्लेख आहे. पुढे तालमुद या यहुदी धर्मग्रंथात ‘कोंदितोन’ भेटतो : द्राक्षारस, मध आणि मिरी. त्या काळी भूमध्य समुद्राकडे जाणारी मिरी मलबारच्या किनाऱ्यावरून जात असे, म्हणजे त्या पेल्यात थोडा आपलाही वाटा!

आज असा मेसेख करायचा म्हटला, तर दारूबंदीच्या वर्धा जिल्ह्यात तो कायद्यातच बसणार नाही. पण मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली यहुदी घरांनी बिनदारूची वाट केव्हाच शोधली. कोकणात द्राक्षारस सहज मिळेना, तेव्हा शुक्रवारी संध्याकाळच्या किद्दुशसाठी, म्हणजे शब्बाथच्या आशीर्वादासाठी, काळ्या मनुकांचे सरबत आले. मनुका धुवायच्या, पाण्यात चांगल्या फुगू द्यायच्या, हाताने कुस्करून फडक्यातून गाळायच्या. आंबू द्यायचे नाही. यहुदी धर्मशास्त्रालाही मनुकांचा रस आशीर्वादासाठी चालतो.