निर्वात नलिका शक्तिविवर्धकातील दोषनिदान

हौशी रेडिओ केंद्रात प्रेषकाची शक्ती वाढवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या निर्वात नलिका शक्तिविवर्धकातील बिघाडाचे कारण क्रमाक्रमाने शोधून काढणे, यास दोषनिदान म्हणतात. अमेरिकेतील हीथकिट कंपनीचा एसबी-२२० हा या वर्गातील प्रसिद्ध विवर्धक असून त्यात ३-५००झेड जातीच्या दोन ट्रायोड नलिका असतात.

सुरक्षितता

नलिकेच्या धनाग्रावर दोन ते तीन हजार व्होल्ट दाब असतो. त्याचा स्पर्श प्राणघातक ठरतो. वीज बंद केल्यावरही गाळणीच्या धारित्रांत विद्युत् भार साठून राहतो. हा भार हळूहळू उतरवणारे रोधक निकामी झालेले असू शकतात. म्हणून मापकाचा काटा शून्यावर आला तरी त्यावर विसंबून राहू नये. प्लग काढून काही मिनिटे थांबावे आणि मग विद्युत् निरोधक दांड्याला जोडलेल्या तारेने धनाग्राची बाजू भूसंपर्कित करावी. साधा मल्टिमीटर सामान्यतः १,००० व्होल्टपर्यंतच सुरक्षित असल्याने त्याने धनाग्राचा दाब मोजू नये.

निदानाचा क्रम

प्रथम बंद अवस्थेत ग्रिड व तंतू यांमधील रोध मोजतात. तेथे विद्युत् मार्ग आढळल्यास नलिका आतून जुळली आहे असे समजावे. त्यानंतर फ्यूज, एकदिशकारक डायोड आणि धारित्रे तपासतात. शेवटी वीज देऊन मापकांची नोंद घेतात.

लक्षणे व कारणे

उच्च दाब असून व तंतू तेजाळूनही धनाग्र प्रवाह शून्य असल्यास रिले किंवा बायसचा झेनर डायोड तपासावा. भार पडताच दाब फार उतरत असल्यास धारित्रे क्षीण झालेली असतात किंवा घरातील वीजपुरवठा अपुरा असतो. पुरेसा आदान संदेश देऊनही ग्रिड व धनाग्र हे दोन्ही प्रवाह कमी राहिल्यास नलिकेचे उत्सर्जन घटले आहे असा अंदाज बांधता येतो. ग्रिड प्रवाह जास्त आणि धनाग्र प्रवाह कमी असल्यास मात्र दोष बहुधा नलिकेचा नसून लोड धारित्राच्या चुकीच्या जुळणीचा असतो.

अनेक वर्षे पडून राहिलेल्या नलिकेत वायूचे अंश जमून आत ठिणगी पडते. विद्युदग्रांमधील जांभळट प्रकाश हे वायूचे चिन्ह होय; काचेच्या आतील पृष्ठभागावरील निळसर झाक मात्र निरुपद्रवी असते. पूर्ण शक्तीवर ३-५००झेडचे धनाग्र लालसर होणे हाही दोष नव्हे. हे भेद न ओळखल्यास चांगली व महागडी नलिका विनाकारण बदलली जाते.