एकाच शहरात मावलेला विश्वचषक

२४ नोव्हेंबर २०२२, दोहा. दुपारी एकला अल जनूब स्टेडियमवर स्वित्झर्लंडच्या ब्रील एम्बोलोने कॅमेरूनविरुद्ध गोल केला आणि आपल्या जन्मभूमीचा मान राखत जल्लोष टाळला. संध्याकाळी सातच्या सामन्यात, ‘स्टेडियम ९७४’वर, रोनाल्डो पाच विश्वचषकांत गोल करणारा पहिला पुरुष खेळाडू ठरला. एकाच दिवशी हे दोन्ही सामने मैदानात बसून बघता येत होते.

त्याच्या चारच वर्षं आधी रशियातल्या विश्वचषकात कालिनिनग्राद आणि येकातेरिनबुर्ग या दोन यजमान शहरांत सुमारे अडीच हजार किलोमीटरचं अंतर होतं. कतारची आठही स्टेडियम दोहा आणि आसपासच्या परिसरातच होती. २०१९मध्ये सुरू झालेली मेट्रो हाच पाहुण्यांचा मोठा आधार. ‘हय्या कार्ड’ हाच व्हिसा, तिकिटासोबत तेच दाखवून मैदानात प्रवेश आणि त्यावरच मेट्रो फुकट. सूक वाकिफ या जुन्या धाटणीच्या बाजारात उंच खुर्चीवर बसलेला केनियाचा एक तरुण कर्ण्यातून “मेट्रो?” असं पुकारायचा आणि गर्दी एका सुरात “धिस वे!” म्हणायची. तो जगभर गाजला.

राहण्याची सोय मात्र अवघड होती. हॉटेलं अपुरी, म्हणून बंदरात क्रूझ जहाजं उभी केली, माळावर तंबू आणि केबिन उभारल्या. कित्येक जण दुबईत मुक्काम ठेवून सामन्यापुरते विमानाने ये-जा करत.

‘स्टेडियम ९७४’ तर मालवाहू कंटेनर आणि पोलादी सांगाड्यातून उभारलेलं. ९७४ हा कतारचा दूरध्वनी संकेतांक, आणि वापरलेल्या कंटेनरची संख्याही तेवढीच. तिथे वातानुकूलन नव्हतं. समुद्राच्या वाऱ्यावर भिस्त ठेवून सामने संध्याकाळनंतरच खेळवले गेले.

हे सगळं उभं केलं ते भारत, नेपाळ, बांगलादेशातून गेलेल्या मजुरांनी. त्यात अनेकांचा जीव गेला. नेमक्या आकड्यावरचा वाद आजही मिटलेला नाही. पाहुण्यांच्या सोयीची ही किंमत दोह्याच्या कुठल्याही वर्णनात यायलाच हवी. तिकीट न परवडणाऱ्या कामगारांसाठी औद्योगिक वसाहतीजवळच्या क्रिकेट स्टेडियममध्ये मोठा पडदा लावला होता. तिकडे समुद्रकाठच्या कॉर्निशवर मल्याळी मंडळी अर्जेंटिना, ब्राझीलचे टी-शर्ट घालून ढोल बडवत निघाली, तेव्हा परदेशी माध्यमांतून ‘भाडोत्री चाहते’ असा आरोप झाला. तो त्यांना झोंबला, आणि त्यांचा राग रास्तच होता. केरळच्या मलबारात या संघांसाठी जीव टाकणारी घरं कितीतरी आहेत.